पागोट्याचा आधार

"ताई, 'पागोटे' तुमचंच ना? मग पाठवते पुढे," असं म्हणत चिमटीने कार्ड उजव्या ढिगावर टाकलंसुद्धा, आणि माझ्या हातातला चहा बशीत, बशीतून टेबलावर गेला.

चिमटी म्हणजे आमच्या शब्दकोशाच्या कचेरीतली तपासनीस. वय अठ्ठावीस. छापलेल्या ओळीतून चूक अशी नेमकी उचलून बाहेर ठेवते की सगळे तिला चिमटीच म्हणतात, आणि तिलाही ते आवडतं. शब्दाच्या कार्डावर 'आधार' म्हणून जे पुस्तक आणि जे पान लिहिलंय ते उघडून बघायचं, हे तिचं काम. जुळलं तर कार्ड उजवीकडे, नाही जुळलं तर डावीकडे. माझी कार्डं मात्र ती न बघताच उजवीकडे टाकते. त्यांच्या वरच्या कोपऱ्यात हिरवा रंग आहे. हिरवा कोपरा म्हणजे या माणसाचं काम पुन्हा तपासायचं नाही. एकतीस वर्षांत हा मान दोघांनाच मिळाला. त्यातले एक देवाघरी गेले, दुसरी मी.

"अहो पुसा ना, कार्डावर येईल ओघळ," चिमटीने स्वतःची ओढणी पुढे केली. "बरं नाही का वाटत? डोळे बघा कसे झालेत."

"झोप नाही झाली नीट."

"आज व्हायलाच हवी होती. पाचला पानं छापखान्यात जाणार. आणि सरांनी सांगितलंय, माहितीपत्रकात नमुना म्हणून तुमचं 'पागोटे'च घालायचं. काय गोड मूळ आहे हो त्या शब्दाचं!"

तिने ते मोठ्याने वाचलं. मला पाठच होतं; ती वाचत होती तोवर मी टेबलावरचा ओघळ पुसत राहिले.

"पागोटे. डोक्याभोवती गुंडाळून बांधायचे लांब व अरुंद वस्त्र. मूळ: पाय, गुरू आणि ओटा, गुरूचे पाय टेकावेत म्हणून डोक्यावर बांधलेला ओटा. आधार: हस्तलिखित पोथी क्रमांक सात, पान बेचाळीस."

पोथी क्रमांक सात घोड्यांच्या दुखण्यांवरची आहे. तिला पानं छत्तीस.

हे जगात फक्त मला ठाऊक होतं. मला आणि देवाला. त्याला मी संध्याकाळी दिवा लावताना दिवसभराचं सगळं सांगते. पण हे सांगायची वेळ आली की आवाज आपोआप बारीक व्हायचा, जसं काही त्याला कमी ऐकू येतं.

झालं होतं ते असं. मी कचेरीत नवी होते. लग्नही नवं. नणंदेबरोबर एका सभागृहात कीर्तनाला गेले होते. बुवा तेव्हा पन्नाशीतले, आवाज असा की मागच्या रांगेतल्या रडक्या पोराने रडं थांबवून ऐकावं. रंगात आले आणि त्यांनी डोक्यावरचं पागोटं उतरवून हातात धरलं. म्हणाले, "हे काय आहे? मान ताठ करायला बांधलंय? छे! पा म्हणजे पाय, ग म्हणजे गुरू, आणि पुढे उरला तो ओटा. पोथी सांगते, बाबांनो, की हे डोकं म्हणजे दुसऱ्याचे पाय ठेवायची जागा. जागा मऊ असावी म्हणून एवढे वेढे!" आणि मग ते गायला लागले. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. नणंदेने रुमाल दिला, तो मी भिजवून परत केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्ड केलं. आमच्याकडे तेव्हा नियम असा होता की ज्याची खात्री नाही ते पेन्सिलीने लिहायचं. खात्री झाली की वरिष्ठ खाली सही करायचे, आणि मग लेखनिक आजोबा ते शाईने पक्कं करायचे. आधाराची चौकट रिकामी ठेवलेलं कार्ड कुणी घेतच नसे. बुवा 'पोथी सांगते' म्हणाले होते. कचेरीच्या कपाटात बारा जुन्या पोथ्या होत्या, यादी न केलेल्या. म्हटलं, यातलीच एखादी असेल, दुपारी बघू. जागा अडवून ठेवावी म्हणून पेन्सिलीने लिहिलं: क्रमांक सात, पान बेचाळीस. सात का? मला सात आवडतो. बेचाळीस का, तर सात सक बेचाळीस. एवढंच त्याचं कारण.

ती दुपार काही आली नाही. मला दिवस गेलेले होते, त्रास होता, लवकर रजेवर जावं लागलं. मुलगी झाली. पाच महिन्यांनी परत आले तेव्हा कळलं की लेखनिक आजोबा निवृत्त झाले, आणि जाताना खण रिकामे करायचे म्हणून सही असलेली-नसलेली सगळी पेन्सिलीची कार्डं शाईने पक्की करून गेले. चांगल्या मनाने. कुणाच्या डोक्याला ताप नको म्हणून. 'प'ची पानं छापखान्यातून बाहेरही पडली होती.

मी कपाट उघडलं, सात नंबरची पोथी काढली आणि घोड्याच्या खुराला कुठला लेप लावावा ते वाचत उभी राहिले.

तेव्हाच बोलायला हवं होतं. नोकरी नवी, मूल अंगावर पिणारं, तोंड उघडलं नाही. आणि मग महिन्याभरात त्याच सभागृहात बुवा उभे राहिले ते कोशाचा जाडजूड खंड दोन्ही हातांनी उंच धरून. "मी तुम्हाला सांगितलं होतं ना? हे बघा, विद्वानांनी छापलंय! पोथीत निघालंय!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. नणंदेने मला कोपराने ढोसलं, "तुझ्या कचेरीचं पुस्तक गं!" मीही वाजवल्या टाळ्या. अजून तळहात आठवतात.

तेव्हापासून बुवांचा आधार कोश आणि कोशाचा आधार बुवा. गेली एकतीस वर्षं हे चाक असं फिरतंय. आता कोशाची नवी आवृत्ती निघत होती, पुढच्या तीस-चाळीस वर्षांसाठी. दोन महिन्यांनी मी निवृत्त होणार. गप्प बसले तर कुणालाही, कधीही कळणार नव्हतं. हिरवा कोपरा होता ना.

सकाळी निघताना आमच्या ह्यांनी विचारलंच होतं. हे घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावून बसलेले असले तरी माझं सगळं त्यांना दिसतं.

"तुमच्या त्या कोशात 'झोप' हा शब्द घेतलाय का नाही?" भिंग न काढता ते म्हणाले. "घेतला असेल तर एकदा अर्थ बघून ये. आठवडा झाला, कूस बदलून बदलून गादीला खड्डा पाडलायस."

"काही नाही हो."

"काही नाही म्हणणाऱ्या बाईने आज मिठाच्या डब्यात साखर भरली."

मी तशीच निघाले. आणि आता दीड वाजला होता. मी तीनदा उठले, तीनदा बसले. पाण्याचा ग्लास भरला, न पिता ठेवला. उजव्या ढिगावर 'पागोटे' सगळ्यात वर होतं. मग त्यावर 'पाचर' आलं, 'पाचोळा' आला, 'पाट' आला. प्रत्येक कार्ड वर पडलं की मला थोडं हायसं वाटायचं आणि लगेच ते खालचं कार्ड उपसून काढावंसं वाटायचं.

एक पळवाट मनात येत होती. बुवांनी कुठल्या तरी खऱ्या पोथीत वाचलं असेल तर? मग क्रमांक तेवढा बदलायचा, पान बदलायचं, कुणाला सांगायची गरजच नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना हे कधी विचारलं नव्हतं. का विचारलं नव्हतं, ते मला चांगलं ठाऊक होतं.

"चिमटी, मी तासाभरात येते."

"आता? आज?"

"बुवांकडे जाते."

"माझा नमस्कार सांगा. आणि येताना औषध घेऊन या काहीतरी, चेहरा बघवत नाही."

बुवा तिसऱ्या मजल्यावर राहतात. जिना अरुंद, दर मजल्यावर कुणाच्या तरी चपलांचा ढीग. दार सूनबाईने उघडलं. ती शाळेत शिकवते. काखेत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, कानावर लाल पेन.

"या काकू. बाबा, तुमच्या कोशवाल्या काकू आल्यात." मग हळू आवाजात मला, "शनिवारी कार्यक्रम आहे ना, सकाळपासून नुसता गोंधळ घातलाय. स्टार्च जास्त झालं म्हणून माझ्यावर रागावलेत. जरा थंड करा त्यांना."

खोलीभर कापडच कापड होतं. खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत दोरी, तिच्यावरून ती लांबलचक पट्टी खाली येऊन बुवांच्या मांडीत गोळा झालेली. बुवा आता ऐंशी पार केलेले. पलंगाच्या कडेला बसून उजवा गुडघा उभा धरला होता आणि त्या गुडघ्यावरच वेढे देत होते. डोक्यावर बांधायला हात पुरेसे वर जात नाहीत, म्हणून गुडघ्यावर बांधून मग अलगद उचलून डोक्यावर ठेवतात.

"ये गं कोशवाली! ते टोक धर. ओढून धर, ढिलं सोडू नकोस. हां. पगडी काय, टाके घालून ठेवलेली असते, टोपीसारखी उचलायची आणि घालायची. आळशी माणसाचं काम. हे रोज नव्याने बांधावं लागतं. काल चांगलं बांधलं होतं म्हणून आज चालत नाही."

मी टोक धरून उभी राहिले. सूनबाईने चहा आणून दिला, तो एका हाताने प्यायला.

"बुवा, एक विचारायचं होतं. ते पाय, गुरू आणि ओटा. तुम्ही ते कुठल्या पोथीत वाचलं होतं?"

बुवा हसले. दात दोनच राहिलेत, पण हसणं तेवढंच मोठं.

"वाचलं? वाचलं कुठे? गाता गाता आलं! समोर पाचशे माणसं, तबलजी माझ्याकडे बघतोय, आणि मला पुढचं काही आठवेना. पागोटं उतरवलं ते घाम आला म्हणून. हातात धरलं, आणि तोंडातून आपोआप निघालं."

"पण तुम्ही 'पोथी सांगते' म्हणालात."

"ते मी नेहमीच म्हणतो गं. ताल भरायला बरं पडतं. पो-थी-सां-ग-ते. बस, सम येते." त्यांनी गुडघ्यावर चापट मारून समही दाखवली. "पण ऐक, खरी गंमत पुढे आहे. माझे गुरू मला जन्मभर म्हणत आले, तू मनचं घालतोस, तुझ्या जिभेला हाड नाही. मला ते फार लागायचं. आणि मग तुमचा तो कोश आला! मी न वाचलेलं पोथीत निघालं! सांग, हे कुणी माझ्या तोंडात घातलं? गुरू तोवर गेले होते, पण मी त्यांच्या तसबिरीपुढे खंड उघडून ठेवला. म्हटलं, बघा. मनचं नव्हतं. वरून आलं होतं."

ते वेढा देत होते. मी टोक धरून होते. या माणसाने तीस वर्षं आपल्या जिभेवर जो विश्वास ठेवला, तो माझ्या सात सक बेचाळीसवर उभा होता. मी इथे यायला नको होतं. टोक सोडावं, चपला घालाव्यात, जिना उतरावा, असं वाटलं.

"बुवा, ते पोथीत नाही."

"कसं नाही? छापलंय तुम्ही."

"मी छापलं. तुम्ही 'पोथी सांगते' म्हणालात म्हणून मी कपाटातल्या एका पोथीचा क्रमांक टाकला. न बघता. ती पोथी घोड्यांची आहे."

"कुणाची?"

"घोड्यांची. पोटशूळ, खूर, वगैरे."

दुसऱ्या खोलीत सूनबाई हसली आणि लगेच गप्प झाली. बुवांचा हात वेढ्यावर थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पण घडी तिरकी पडली; त्यांनी ती सोडली, पुन्हा घातली, पुन्हा तिरकी पडली.

"म्हणजे कोशाने माझं ऐकलं," ते सावकाश म्हणाले, "आणि मी कोशाचं."

"हो."

"दोघांनी अंधारात एकमेकांना टेकून उभं राहायचं, आणि दोघांनाही वाटायचं की मागे भिंत आहे."

बुवांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"मी किती ठिकाणी सांगितलं असेल गं हे? कोश हातात धरून! तू मला खोटं बोलायला लावलंस. मनचं बोलणं वेगळं. ते मी रंगात बोललो. पण 'छापलंय' म्हणून सांगितलं ते खोटं. तू तिथे बसून ऐकत होतीस? पहिल्या रांगेत?"

"दुसऱ्या."

"सूनबाई! हिला चहा देऊ नकोस."

"दिलाय बाबा. पिऊन झाला."

"मग कप घेऊन जा तिच्या हातातला!"

सूनबाई आली, कप घेतला, माझ्याकडे बघून डोळ्यांनीच माफी मागितली आणि गेली. मी बुवांच्या पायांशी वाकले. त्यांनी पाय आखडून घेतले. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"काढ ते," ते म्हणाले. "आजच्या आज काढ." मी मान हलवली. टोक पलंगाच्या खांबाला गुंडाळून दारापर्यंत गेले असेन, तर मागून हाक आली. "नाही, थांब. काढू नकोस. कुणाला कळणार आहे? शनिवारी लोक येतील, दरवेळी पागोट्याचं सांगा म्हणतात. मी काय सांगू त्यांना? आता माझे राहिलेत तरी किती कार्यक्रम! मी गेल्यावर काढ."

"पानं पाचला जातायत, बुवा."

"मग जाऊ देत."

ते माझ्याकडे बघत नव्हते. मी जिना उतरले.

परतताना बसमध्ये बसायला जागा होती, पण मी उभीच राहिले. आता माझ्याकडे सबब होती आणि तीही म्हाताऱ्या, भल्या माणसाने दिलेली. त्यांच्यासाठी गप्प बसले असं म्हणता आलं असतं. देवालाही तसं सांगता आलं असतं. पण ज्यांच्या कीर्तनात मी हजारदा 'आतलं बाहेर काढा' हे ऐकून मान डोलावली, त्यांच्याच नावावर आतलं आत ठेवायचं? एक थांबा आधीच उतरले. मग चूक लक्षात आली आणि उरलेलं अंतर धावत काढलं. अठ्ठावन्नला टेकलेली बाई भर रस्त्यात धावते तेव्हा लोक मागे बघतात, कुणी पाठीमागे लागलंय का.

तीन वाजून दहा मिनिटं. सर त्यांच्या खोलीत होते, समोर चिमटी पानांची चळत घेऊन बसली होती. सर माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण मुख्य संपादक झाल्यापासून केस आमच्या सगळ्यांच्या आधी पांढरे केलेत.

"या ताई! तुमचंच पान बघतोय. माहितीपत्रकावर शोभून दिसेल."

"ते काढा, सर. त्याला आधार नाही."

मी सगळं सांगितलं. पेन्सिल, रजा, आजोबा, घोडे, टाळ्या. टाळ्या सांगितल्याशिवाय पुढे जाताच येईना. चिमटी ऐकता ऐकता उठली, कपाटापाशी गेली, सात नंबरची पोथी घेऊन आली आणि शेवटचं पान बघून तिने ती हळूच टेबलावर ठेवली. तिला तसं करावंसं वाटलं याचा मला राग आला नाही. मी सांगितलं तरी तिने बघितलं, तेच तिचं काम.

सरांनी चष्मा काढून कपाळ चोळलं.

"मूळ काय आहे खरं?"

"'पाग' म्हणून शब्द आहे, शेजारच्या कितीतरी भाषांत, अर्थ हाच. 'पगडी' त्याचीच बहीण. पण 'पाग' कुठून आला ते कुणालाच खात्रीने सांगता आलेलं नाही."

"मग तसंच लिहू. 'पाग' पाहा, मूळ अनिश्चित. दोन ओळी. नमुन्याला दुसरं पान घालू." त्यांनी लिहायला सुरुवातही केली. "झालं. एक कार्ड होतं, ते सुधारलं. ताई, हे या खोलीतच राहू दे. दोन महिने राहिलेत तुमचे, चांगला निरोप घ्या. चिमटी, तू काही ऐकलं नाहीस."

"नाही सर," चिमटी म्हणाली, पण माझ्याकडे बघत.

माझ्या छातीवरचा दगड उचलला गेला होता. खरंच. दार दोन पावलांवर होतं. पण दगड होता तिथे खाली आणखी काहीतरी वळवळत होतं, आणि मला ते आठवडाभर दिसत असूनही मी त्याच्याकडे बघत नव्हते.

"सर, आजोबांनी एकच कार्ड पक्कं नाही केलं. माझा खणच्या खण होता. पेन्सिलीची दुसरी किती होती, मला आठवत नाही."

"तुम्ही बाकीची तरी नीट लिहिली असतील ना?"

"बहुतेक."

"बहुतेक?" सरांनी चष्मा परत लावला. "पहिल्या वर्षाची तुमची कार्डं किती?"

"चौदाशेच्या आसपास."

"आणि त्यातली या खंडात?"

"साडेतीनशे असतील."

बाहेर कुणीतरी पंखा लावला, त्याचा आवाज सुरू झाला. मग सर उठले आणि एकदम ओरडले. त्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"छापखान्याला काय सांगू मी? तारीख जाहीर झालीय! एकतीस वर्षं ताई, एकतीस! एक दिवस सापडला नाही तुम्हाला? आजचाच सापडला?"

"आजच पानं जाणार होती."

"तेच म्हणतोय मी!"

मला वाटलं ते मला बाहेर जा म्हणतील. त्यांनी फोन उचलला, छापखान्याचा क्रमांक फिरवला आणि तीन आठवडे मागितले. तिकडून बराच वेळ कुणीतरी तावातावाने बोलत होतं. फोन ठेवून ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोपरे काढा. सगळे. फक्त पहिल्या वर्षाचे नाही."

कार्डांवरचा हिरवा कोपरा खोडता येत नाही. तो कापावा लागतो. चिमटीने कात्री आणली. एकेक खण काढून ती कापत गेली, आणि मी कार्डं सरळ करून तिच्या हातात देत गेले. मधल्या मोठ्या टेबलावरचे लोक काम थांबवून बघत होते. कुणीतरी माझ्यासाठी चहा ठेवला आणि कुणीतरी तो, माझं लक्ष नाही असं समजून, उचलून स्वतः प्यायला. मला हसू आलं. मग थांबवता येईना, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"ताई," चिमटी हळू म्हणाली, "मी असते तर नसतं सांगितलं. सरांनी सोडलं होतं तुम्हाला."

"मलाही वाटलं होतं सोडावं."

"मग?"

"झोपायचंय गं मला."

साडेचारला कचेरीचा फोन वाजला. माझ्यासाठी होता. सूनबाईने लावून दिला होता, पण बोलत होते बुवा. फोनवर ते नेहमी ओरडतात, समोरचा दुसऱ्या गावाला असल्यासारखे.

"काढलंस?"

"काढलं, बुवा."

"मी नको म्हणालो होतो."

"हो."

"काय घातलं त्या जागी?"

"मूळ अनिश्चित."

"म्हणजे? कुणालाच माहीत नाही? एवढ्या विद्वानांना?"

"कुणालाच नाही."

मागे सूनबाई कुणाला तरी रागावत होती, बहुधा उत्तरपत्रिकेला. मग बुवा म्हणाले, "शनिवारी मी ते सांगणारच आहे. आधीच सांगतो तुला. पण पोथी म्हणणार नाही, कोशही म्हणणार नाही. मला सुचलं, असं म्हणणार. बघू कुणी ऐकतंय का." आणि जरा थांबून, "तू येऊ नकोस. या शनिवारी तरी नको. मला तुझ्याकडे बघून गाता यायचं नाही."

"बरं," मी म्हटलं.

त्यांनी फोन ठेवला. ठेवला तो नीट बसला नसावा, कारण त्यांचा खोकला आणि 'सूनबाई, टोक धर' हे मला थोडा वेळ ऐकू येत राहिलं. मग मीच माझ्या बाजूने ठेवला.

ह्यांना कळवलं की तीन आठवडे मला यायला रोज उशीर होईल. का ते विचारलं नाही त्यांनी. "मीठ मी निवडून ठेवलंय, साखरेतून," एवढंच म्हणाले.

पहिल्या वर्षाचा पहिला खण चिमटीने माझ्यासमोर ओढला. कार्ड ती वाचणार, पुस्तक मी काढणार, पान ती बघणार. माझं मी बघायचं नाही, असं सरांनी सांगितलं होतं, आणि ते बरोबर होतं. पहिलं कार्ड जुळलं. दुसरं जुळलं. सोळापर्यंत सगळी जुळली. दर वेळी चिमटी 'आहे' म्हणायची, कार्ड उजवीकडे टाकायची, आणि मी पुढचं पुस्तक काढायला उठायचे.

सतराव्याला ती थांबली. "'पाखर.' आधार: शेती-अहवाल, जुना, पान एकशे तीन. हे कुठेय?"

वरच्या फळीवर, छताजवळ, असायला हवं होतं. मी ते कधी हातात घेतल्याचं मला आठवत नव्हतं. घेतलं नव्हतं, असंही आठवत नव्हतं. मी शिडी ओढली, पदर खोचला आणि चढायला लागले.

"सावकाश," खालून चिमटीने शिडी धरली.

फळीवर धूळ होती. पाठीवरची नावं पुसट झालेली. मी एकेक पुस्तक बाहेर काढून उजेडात धरत होते आणि परत ठेवत होते.

"आहे का, ताई?"

"थांब," मी म्हटलं. "बघते."